लिस्बनमध्ये जेवायचं कुठे, मागवायचं काय

लिस्बनला मुख्य जेवण दुपारी करा, रात्री हलकंफुलकं भागवा. साडेबारा ते तीन या वेळात तिथल्या छोट्या खानावळी, म्हणजे ताश्का, 'प्रातु दु दीआ' वाढतात: त्या दिवशीचे ठरलेले तीन-चार पदार्थ, फळ्यावर किंवा काचेला चिकटवलेल्या कागदावर हाताने लिहिलेले. साधारण 9 ते 13 युरोत ताट मिळतं. काही ठिकाणी त्यातच सूप, पेय आणि कॉफीही येते. रात्री तीच खानावळ मेनूकार्डावरून वाढते आणि बिल सहज चढतं. एकच्या आत जाऊन बसा. नंतर आसपासच्या ऑफिसांतली मंडळी येतात आणि अडीचपर्यंत फळ्यावरचं बरंचसं संपलेलं असतं.

जागा निवडताना रुआ आउगुश्ता आणि रुआ दाश पोर्ताश द सांतु आंताऊं हे पर्यटकांनी गजबजलेले दोन रस्ते आधी वगळा. दारात उभं राहून मेनू नाचवत हाका मारणारा माणूस दिसला, पदार्थांचे फोटो दिसले, की पुढे चालू लागायचं. पैशाच्या मानाने चांगलं जेवण राहत्या वस्त्यांत मिळतं: 28 नंबरच्या ट्रामचं शेवटचं टोक कांपु द ओरीक, नाहीतर मेट्रोच्या हिरव्या मार्गावरचे आल्वालाद आणि आरोयुश. नदीकाठच्या काइश दु सोद्रे भागातलं टाइम आउट मार्केट, म्हणजे एका छताखाली खाण्याचे अनेक स्टॉल, 2014 पासून जोरात चालू आहे. घरात चार जणांच्या चार आवडी असतील तर ते सोयीचं, पण दर चढे आणि एकच्या सुमाराला बसायला जागा नाही.

बसल्या बसल्या, तुम्ही काही न मागता, टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी एक छोटं गोल चीज येतं. याला कूवेर म्हणतात आणि तो फुकट नसतो. सगळ्यात जास्त पर्यटक इथेच फसतात. पाव-ऑलिव्हचे दोन-तीन युरो होतात, अख्ख्या चीजचे त्याहून बरेच जास्त. पोर्तुगालच्या कायद्यानुसार न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या वस्तूचे पैसे लावता येत नाहीत. पण चीजची एक फोड कापली की अख्ख्याचे पैसे पडले. नको असेल तर लगेच 'नाऊं, ओब्रिगादु' म्हणून परत पाठवा (बाईने 'ओब्रिगादा' म्हणायचं). कुणाला वाईट वाटत नाही. पाव मात्र ठेवून घ्यायला हरकत नाही, तो सहसा चांगलाच असतो.

मेनूवर एकाच पदार्थापुढे 'दोझ' आणि 'मेया दोझ' असे दोन दर दिसतील. पूर्ण दोझ बऱ्याचदा दोघांना पुरतं, एकट्याने मेया दोझ म्हणजे अर्धं मागवावं. मासळीचा दर पुष्कळदा किलोवर असतो आणि तो न वाचल्यामुळे बिल आल्यावर डोळे पांढरे होतात. दर 38 युरो किलो आणि दौरादा नावाचा मासा 600 ग्रॅमचा असेल, तर तो एक मासा 22.80 युरोंचा झाला. म्हणून मासा विस्तवावर जाण्याआधी दाखवायला सांगा, वजन विचारा. कोळशावरची सार्डिन उन्हाळ्यात खावी, जूनपासून पुढे ती चरबीने भरलेली असते. बाकल्याव म्हणजे खारवलेला कॉड बाराही महिने मिळतो. मासे खाणाऱ्यांनी काइश दु सोद्रेहून फेरीबोटीने दहा मिनिटांत नदीपलीकडे काशील्यशला जावं. तिथे धक्क्याजवळच्या गल्लीत मासळीची हॉटेलं ओळीने आहेत.

शाकाहाऱ्यांनी नुसतं 'सें कार्न', म्हणजे मांस नको, एवढं म्हणून थांबू नये. इतक्यावर ट्यूनाचं सॅलड किंवा हॅमचे तुकडे येऊ शकतात. 'सें कार्न, सें पैश, सें फियांब्र' असं मांस, मासे, हॅम तिन्ही स्पष्ट सांगा. काल्दु वेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप दिसायला निरुपद्रवी, पण वर शोरीसू सॉसेजची चकती असते. ती न घालता सूप मागवलं तरी मांसाचा अर्क घातलाय का ते विचारावं. बेकरीच्या काचेत सामोसा दिसला की हात पुढे जातो. तिथे तो 'शामूसा' असतो आणि आत बहुधा चिकन किंवा बीफ असतं. खात्रीचं शाकाहारी हवं तर लुमियारच्या राधाकृष्ण मंदिराचं कँटीन गाठा. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांचा हा समाज, त्यामुळे जेवणही गुजराती वळणाचं. वेळा आधी विचारून जा. गोव्याच्या वळणाचं खायचं असेल तर शाकुती (मांसाचा मसालेदार रस्सा), सारापातेल (डुकराच्या मांसाचा पदार्थ), बेबिंका (थराथरांचा गोड केक) वाढणारी छोटी हॉटेलं शहरात आहेत. तिखट बेताचं असतं, जास्त हवं तर आधीच सांगा.

कॉफी, म्हणजे 'बीका', काउंटरला उभ्याने प्यावी: युरोच्या आसपास. तीच बाहेरच्या खुर्चीवर महाग पडू शकते. दुधाची हवी तर 'गालाऊं'. पास्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेला छोटा टार्ट, कोमट असतानाच खायचा, वर दालचिनी भुरभुरून. त्यात अंड्याचा बलक असतोच. बेलें भागातलं या टार्टचं 1837 सालचं दुकान बघाच. फुटपाथवरची लांबलचक रांग बहुतेक वेळा पार्सलची असते. आत बसायला मोठमोठी दालनं आहेत आणि तिथे जागा लवकर मिळू शकते.

रात्री फादू, म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं, ऐकत जेवायचं असेल तर 'कोंसूमु मीनिमु' म्हणजे माणशी किमान खर्च किती, हे आत शिरण्यापूर्वी विचारा. गाणं सुरू झालं की बोलायचं नाही, वाढणारेही थांबतात.

बिल स्वतःहून येत नाही, 'आ कोंता, पुर फावोर' म्हणावं लागतं. कर दरातच धरलेला असतो. टीप ऐच्छिक, खूश असाल तर पाच-दहा टक्के. काउंटरवर 'कोंत्रिबुइंत?' असं विचारलं तर तो स्थानिक कर क्रमांक आहे, मानेने नाही म्हणा. काही ताश्कांत फक्त पोर्तुगीज बँकांची कार्डं चालतात, म्हणून 30-40 युरो रोख ठेवा. रविवारी बऱ्याच ताश्का बंद. हिशेबावरून वाद झालाच तर 'लिव्रु द रेक्लामासोंयश' मागा. ही तक्रारवही प्रत्येक हॉटेलला ठेवावीच लागते आणि ती मागितली की बिल पुन्हा तपासलं जाण्याची शक्यता बरीच वाढते.