हिमालयात जाण्याआधी वेताळ टेकडीवर उतार मोजायला शिका

बर्फाचा उतार नजरेला फसवतो, आणि हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावरच सुटतात. म्हणून पुण्यातच सराव करा.

१. फोनमध्ये कोन दाखवणारं, नेटशिवाय चालणारं अ‍ॅप घ्या. सपाट जमिनीवर शून्य दाखवतंय ना, ते पाहा.
२. टेकडीचा उतार बाजूने दिसेल असं उभं राहा. आधी अंदाज मोठ्याने बोला, मगच फोनची लांब कड उताराच्या रेषेला जुळवून आकडा वाचा. दहा-बारा वेळा केलं की नजर बसते.

बर्फात मोजताना उतारावर पाय ठेवू नका, दुरूनच मोजा. ३० च्या आसपास किंवा वर आकडा आला तर वाट बदला.

आणि वर तीव्र उतार असेल तर खालच्या सपाट जागीही तंबू लावू नका, सुटलेला बर्फ तिथवर येतो.