कुलपाची किल्ली कुणाकडे? गर्दीच्या सुरक्षेचं काम शिकताना

सामना संपायला दहा मिनिटं असताना अवकाळी पाऊस आला. सोलापुरातली एक फुटबॉल स्पर्धा होती, रात्रीचा अंतिम सामना. मी तेव्हा स्थापत्य पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि सुट्टीत एका मंडपवाल्या मामांकडे मापं टिपायचं काम करायचे. पाइप आणि फळ्यांची गॅलरी मामांनीच उभी केली होती. तिला दोन्ही टोकांना एकेक जिना होता. पूर्वेच्या जिन्याखालचं दार आयोजकांनी कुलूप लावून बंद केलं होतं, कारण तिथून फुकटे घुसतात.

थेंब पडायला लागले तशी माणसं उठली आणि ज्याला जो जिना जवळ, तिकडे निघाली. पूर्वेच्या जिन्यावरचे पहिले वीसेक जण खाली आले, दार बंद बघून थांबले, आणि 'मागे सरका' म्हणून ओरडायला लागले. वरच्यांना पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात काही ऐकू येईना. ते उतरतच राहिले. मी खालीच उभी होते. मला आरडाओरडा आठवत नाही, फळ्यांची कुरकुर आठवते. दाराच्या जाळीतून एका मुलाचा हात बाहेर आला होता, बोटं पांढरी पडलेली. किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस जेवायला गेला होता. शेवटी मामांच्या पोरांनी पाइपच्या तुकड्याने कुलूप फोडलं. तीन-चार मिनिटांत सगळं आटोपलं. त्या मुलाचं मनगट मोडलं, बाकीच्यांना मुका मार लागला.

दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी आली. अचानक आलेल्या पावसाने प्रेक्षकांत चेंगराचेंगरी. कुलपाचा उल्लेख नव्हता.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी या शब्दाकडे बघायला सांगते. मारामारी, ढकलाढकली, रेटारेटी, चेंगराचेंगरी. हे सगळे शब्द एकमेकांनी एकमेकांना केलेल्या गोष्टीचे आहेत. म्हणजे शब्द उच्चारला की दोष गर्दीचा ठरून मोकळा. त्या रात्री कुणी कुणाला चेंगरलं नव्हतं. माणसं जिना उतरत होती आणि खाली दार बंद होतं. मी अजूनही बोलताना तो शब्द वापरते, कारण दुसरा सर्वांना कळणारा शब्द आपल्याकडे नाही, पण अहवालात लिहीत नाही. तिथे 'दार बंद असल्याने जिन्यावर दाब वाढला' असंच लिहिते.

त्या घटनेनंतर मी वाचायला लागले. पुस्तकात नाही, चौकशी अहवालांत. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या फुटबॉल मैदानांवरच्या दुर्घटनांचे अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात. माझं इंग्रजी बेताचं, शब्दकोश उघडून रोज चार-पाच पानं व्हायची. तरी सांगते, पदविकेच्या अभ्यासक्रमात जे मिळालं नाही ते त्या पानांत मिळालं.

पहिला धक्का ब्रॅडफर्डचा. ११ मे १९८५. लाकडी प्रेक्षागृह, फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं खाली पडलेला कागद-कचरा. मध्यंतराच्या थोडं आधी त्यात जळती काडी किंवा सिगारेट पडली आणि पाचएक मिनिटांत अख्खं छप्पर पेटलं. ५६ माणसं गेली. त्यातली बरीच मागच्या बाजूच्या दारांकडे पळाली होती, आणि ती दारं बंद होती. बिनतिकीट लोक आत येऊ नयेत म्हणून. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बसून राहिले. आमच्या कुलपाचं कारण तंतोतंत हेच होतं. जी माणसं पुढे मैदानात उतरली ती वाचली, कारण त्या प्रेक्षागृहापुढे जाळीचं कुंपण नव्हतं.

आता चार वर्षं पुढे या. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. इथे पुढे उंच जाळी होती आणि उभ्या प्रेक्षकांचे लोखंडी कठड्यांनी वेगवेगळे कप्पे केले होते. लिव्हरपूलच्या १०,१०० उभ्या प्रेक्षकांसाठी फिरती फाटकं होती फक्त ७. आजची ब्रिटिश मार्गदर्शिका सांगते की एका फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरा. सात गुणिले सहाशे साठ म्हणजे ४,६२०. सगळे आत यायला दोनएक तास लागणार, हे सामन्याच्या आदल्या दिवशी पाचवीतल्या मुलालाही सांगता आलं असतं. बाहेर दाब वाढला तेव्हा पोलिसांनी २ वाजून ५२ मिनिटांनी मोठं दार उघडलं. समोरच एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कप्प्यांत जायचा. ते आधीच भरलेले. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून 'इकडे नको, तिकडे जा' म्हणायला कुणी नव्हतं. सामना सुरूही वेळेवर झाला आणि ३ वाजून ६ मिनिटांनी थांबवला. ९७ जण गेले, त्यातले शेवटचे २०२१ मध्ये, त्या दिवशीच्या इजांमुळे.

पोलिसांनी आणि काही वर्तमानपत्रांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला, दारू पिऊन उशिरा आले म्हणून. घरची माणसं सत्तावीस वर्षं लढली. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे होते आणि प्रेक्षकांचं वागणं कारण नव्हतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त काय लागतं तर हे, की १९८१ मध्ये त्याच मैदानावर त्याच बाजूला गर्दी दाबली गेली होती आणि ३८ जण जखमी झाले होते. ग्लासगोच्या आयब्रॉक्सवरही तसंच. २ जानेवारी १९७१ ला १३ नंबरच्या जिन्यावर ६६ माणसं गेली. त्याच जिन्यावर १९६१ मध्ये दोघे गेले होते, १९६७ आणि १९६९ मध्ये माणसं जखमी झाली होती. जिना तीनदा सांगून गेला होता.

म्हणून नवीन माणसाला मी पहिलं काम देते ते वहीचं. जिथे काम कराल तिथे 'थोडक्यात वाचलो' असं ज्या ज्या वेळी कुणी म्हणेल, ती तारीख, जागा आणि कारण लिहा. कुणाला लागलं नसलं तरी लिहा. माझ्या वहीचं पहिलं पान त्या गॅलरीचं आहे.

दुसरं काम मोजण्याचं. इथे जरा सावकाश या, कारण नव्वद टक्के धंदा इथेच आहे. आयब्रॉक्सनंतर ब्रिटनमध्ये कायदा आणि एक मार्गदर्शिका आली, तिला सगळे 'ग्रीन गाइड' म्हणतात. तिचं सार असं, की मैदानात किती लोक बसवायचे हे खुर्च्या मोजून ठरत नाही. किती जण वेळेत आत येतात, किती जण सुखरूप मावतात, किती जण बाहेर पडतात आणि संकटात किती जण बाहेर पडतात, हे चार आकडे काढा. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे तुमची क्षमता.

आमची गॅलरी घ्या. बसायला जागा १,५०० जणांना. जिने दोन, प्रत्येकी चार फुटी, म्हणजे साधारण १.२ मीटर. जिन्यावरून मीटरभर रुंदीतून मिनिटाला ६६ माणसं उतरतात असं धरतात, सपाट वाटेवर ८२. म्हणजे एका जिन्यावरून मिनिटाला ७९. आगीचा धोका कमी असेल तर आठ मिनिटांत रिकामं व्हायला हवं. दोन जिने, आठ मिनिटं, १,२६४ माणसं. म्हणजे दोन्ही दारं सताड उघडी असती तरी आम्ही दोनशेच्या वर माणसं जास्त बसवली होती. एक दार बंद केलं की उरतात ६३२. आणि वर कापडी मंडप, खाली लाकडी फळ्या असतील तर आगीचा धोका जास्त, मग वेळ मिळतो अडीच मिनिटांचा. दोन जिन्यांनी ३९५. एका जिन्याने दोनशेही नाहीत.

हे गणित मी मामांना त्यांच्या गोदामात, खोक्यावर कागद ठेवून दाखवलं होतं. मामा बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "ताई, वीस वर्षं गॅलरी मारतोय, आजपातूर काय झालं नाही की." मी म्हटलं, "मामा, झालं की, गेल्या महिन्यात." ते गप्प बसले. तुम्हालाही हे वाक्य दर ठिकाणी ऐकायला मिळेल. त्यावर वाद घालू नका, वही उघडा.

उभ्या गर्दीसाठी ग्रीन गाइडची कमाल मर्यादा दहा चौरस मीटरला ४७ माणसं. घरी करून बघा. फरशीवर खडूने एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखा आणि त्यात पाच जण उभे करा. हलता येतं, पण जेमतेम. सात उभे केले की कुणाचं अंग कुणाचं ते कळत नाही, एकाने तोल सोडला की सगळे हलतात. त्या घनतेला गर्दी पाण्यासारखी वागते. माणूस तुडवला जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या छाती फुगवायला जागा न उरल्याने जातो. हा प्रयोग मी प्रत्येक तुकडीकडून करून घेते. तो केलेली मुलं पुढे 'लोकांनी संयम पाळावा' असं लिहीत नाहीत.

अश्रुधुराबद्दलही सांगायला हवं. १९६४ मध्ये पेरूच्या लिमा शहरात रद्द झालेल्या एका गोलावरून गोंधळ झाला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांकडे धावले आणि खाली दारं बंद. सरकारी आकडा ३२८. २०२२ च्या १ ऑक्टोबरला इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान मैदानावर पुन्हा अश्रुधूर, पुन्हा अरुंद दारं, आणि १३५ मृत्यू. फिफाचे नियम मैदानात असा धूर वापरायला मनाई करतात, तरी. अठ्ठावन्न वर्षांत एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे जिन्याखालचं दार.

हिल्सबरोनंतर इंग्लंडमध्ये जाळ्या निघाल्या, वरच्या दोन श्रेणींत खेळणाऱ्या संघांच्या मैदानांवर सर्वांना बसायला खुर्ची सक्तीची झाली, परवान्यावर देखरेख करणारी स्वतंत्र यंत्रणा आली. २०२२ पासून कमरेएवढा कठडा असलेल्या खुर्च्यांच्या जागी उभं राहायची पुन्हा परवानगी मिळाली. खुर्च्यांचीच चर्चा जास्त होते. माझ्या मते खरा बदल वेगळा आहे. प्रत्येक सामन्याला सुरक्षेसाठी नाव घेऊन जबाबदार असा एक माणूस असतो आणि प्रेक्षकांना वाट दाखवणारे प्रशिक्षित मदतनीस असतात. आपल्याकडे कार्यक्रमानंतर विचारा, जबाबदार कोण होतं? आयोजक मंडपवाल्याकडे बोट दाखवतो, मंडपवाला पोलिसांकडे.

आपल्याकडे शिकायचं कुठे? 'गर्दी सुरक्षा' नावाची पदवी शोधत बसू नका. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत होते, मीही पुढे याच वाटेने आले. आपत्ती व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दी नियोजनाची मार्गदर्शिका काढली आहे, ती आधी वाचा. आणि पैशाचं खरं सांगते. निव्वळ गर्दीच्या कामावर सोलापुरात घर चालत नाही. माझी नोकरी कारखान्यातल्या सुरक्षेची आहे, हे काम तिच्या बरोबरीने चालतं.

पण शिकायला सोलापूरसारखी जागा नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्याच्या आसपास एक कोपरा निवडा आणि फक्त बघा. मिरवणुकीतल्या सातही काठ्या, म्हणजे उंच नंदीध्वज, येतात तेव्हा गर्दी कशी दुभंगते, बाराबंदी हा पांढरा पारंपरिक पोशाख घातलेली माणसं वाट कशी करून देतात, लेकरं घेतलेल्या बायका कुठल्या भिंतीला टेकतात, गल्ली अरुंद होते तिथे चाल कधी अडखळते. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत उभे राहा. तासन्‌तास पुढे काय चाललंय हे मागच्या माणसाला कळत नसेल तर त्याचं मन कसं होतं, हे स्वतः बारीत उभं राहिल्याशिवाय समजत नाही. पुढे किती वेळ लागेल एवढं कुणी येऊन सांगितलं तरी दाब कमी होतो, हे मी तिथे अनुभवलं. आणि बारीच्या कठड्यातून मध्येच बाहेर पडायला दार कुठे आहे, त्याला कुलूप आहे की कडी, ते पाहून ठेवा.

कुलपाबद्दल माझा नियम एकच. लोक आत असेपर्यंत बाहेर जायच्या दाराला कुलूप नको. फुकटे येतात तर तिथे माणूस उभा करा. माणसाची एका रात्रीची मजुरी आयोजकाला जड वाटते, तेव्हा मी ब्रॅडफर्डचं पान काढून समोर ठेवते. बहुतेक वेळा माणूस मिळतो. एकदा मिळाला नाही, तेव्हा मी मापाच्या कागदावर सही केली नाही आणि ते काम गेलं. तुमच्यावरही ही वेळ येईल.

गेल्या वर्षी मामांचा फोन आला. "ताई, जिने पाच फुटी केलेत, येऊन मोजून जावा." मी संध्याकाळी टेप घेऊन गेले. पश्चिमेचा जिना पाच फूट भरला. पूर्वेचा चार फूट दहा इंच. मामांनी टेपवरचा आकडा स्वतः वाकून वाचला, पोराला हाक मारली आणि बाजूचा उभा पाइप दोन इंच सरकवून घेतला.