गुडघा बदलल्यावर उशी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नको

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर घरचे प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवतात. पेशंटला बरं वाटतं, कारण किंचित वाकलेल्या सांध्यावर ताण कमी येतो. पण तासन्‌तास तसंच राहिलं तर मागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडतं, गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि चालताना लंगड राहते. सगळे ‘किती वाकतो’ तेवढंच विचारतात. सरळ होणं तितकंच महत्त्वाचं आहे.

त्याऐवजी टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवा. पोटरी आणि गुडघा अधांतरी राहिले पाहिजेत, वाटी आणि बोटं छताकडे. पाय बाहेर कलंडला तर व्यायाम वाया जातो. 5 ते 10 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा. त्यातच मांडी आवळून गुडघा खाली दाबा, 5 अंक मोजा, सोडा. असं 10 वेळा. मागे ताण जाणवणारच, पण कळ असह्य झाली तर थांबा. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेतली की बरंच सोपं जातं. नंतर बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं शेका, जखम मात्र कोरडी ठेवा.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला तर लगेच सर्जनना कळवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.