पोरगं टेक्सासला असेल तर तिथला कायदा कसा बघायचा

परवा रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर मेसेज आला, टेक्सासमधे एसबी ४ नावाचा कायदा आलाय, आता पोलीस कुणालाही धरून देशाबाहेर काढणार. पुतणी तिकडं एमएस करत्येय त्यामुळं वहिनी रडायलाच लागल्या. मी रात्री दोनपर्यंत बसून सगळं वाचून काढलं. आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीत, ताराबाई पार्कात बऱ्याच घरातली पोरं तिकडं आहेत, म्हणून लिहितोय.

पहिलं, कायदा कुणाचा ते बघा. आपल्याकडं कसं पोलीस राज्याचे पण परदेशी माणूस आणि व्हिसा हा विषय केंद्राचा, तिकडंही तसंच. तरी राज्यं कायदे करतातच. ॲरिझोनानं २०१० ला एसबी १०७० केला, त्यातली तीन कलमं २०१२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं उडवली. एक मात्र ठेवलं, दुसऱ्या कारणानं अडवलेला माणूस देशात बेकायदा राहतोय असा वाजवी संशय आला तर पोलिसांनी त्याचं स्टेटस, म्हणजे राहायची परवानगी आहे का ते तपासायचं. म्हणजे कागद जवळ पाहिजेतच.

मग नंबर आणि साल. एसबी म्हणजे सिनेट बिल, आणि नंबर दर अधिवेशनाला नव्यानं सुरू होतात. टेक्सासचा २०१७ चा एसबी ४ म्हणजे स्थानिक पोलिसांनी केंद्राच्या इमिग्रेशनवाल्यांना मदत करायलाच पाहिजे. २०२३ चा एसबी ४ वेगळाच, बाहेरच्या देशातून चोरवाटेनं राज्यात शिरणं हा राज्याचा गुन्हा. मेसेजमधे साल नसेल तर तो पुढं पाठवूच नका.

सही झाली म्हणजे लागू झाला असंही नाही. या दुसऱ्या एसबी ४ वर गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी १८ डिसेंबर २०२३ ला सही केली, २९ फेब्रुवारी २०२४ ला फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टाच्या जज्जनी तो थांबवला, १९ मार्चला सुप्रीम कोर्टानं वाट मोकळी केली आणि त्याच रात्री अपील कोर्टानं परत अडवला. अशा वेळी सकाळचा मेसेज रात्री खोटा ठरतो, म्हणून कोर्टात आज काय चाललंय ते बघूनच बोला.

टेक्सास विधिमंडळाच्या साइटवर नंबर टाकला की बिल उघडतं. खाली रेघ मारलेले शब्द नवीन, खोडलेले ते काढून टाकलेले, आणि लागू व्हायची तारीख बहुतेक अगदी शेवटच्या कलमात. पुतणी विमानतळावर रीतसर तपासणी होऊन आत गेलीय, चोरवाटेचं कलम तिला लागतच नाही. हे वाचून दाखवल्यावर वहिनी जरा शांत झाल्या.

आता कागद. १८ वर्षांवरच्या परदेशी माणसानं नोंदणीचा पुरावा कायम जवळ बाळगायचा हा केंद्राचा जुनाच नियम आहे, विद्यार्थ्याला त्यासाठी आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची प्रिंट चालते, ती सरकारी साइटवरून फुकट निघते. पण लांब जाताना पासपोर्ट आणि आय-२० (कॉलेजनं दिलेला विद्यार्थी असल्याचा कागद) पण घ्याच. पोरं सुट्टीला टेक्सासातच मेक्सिकोच्या हद्दीजवळ असलेल्या साउथ पाद्रे आयलंडच्या बीचला जातात, परत येताना हायवे ७७ वर सरिताला आणि २८१ वर फाल्फुरियासला बॉर्डर पेट्रोलचा, म्हणजे केंद्राच्या सीमा पोलिसांचा नाका लागतो. मेक्सिकोत पाऊल टाकलेलं नसलं तरी गाडी थांबते आणि नागरिक कुठले ते विचारतात. कोरोनात कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर रिपोर्ट नसलेल्या गाड्या परत फिरवल्या होत्या ना, तसं समजा. आमच्या पुतणीनं महाद्वार रोडवरनं नेलेल्या चेनच्या फायलीत तिन्ही कागद घातलेत, फाइल सॅकच्या आतल्या कप्प्यात, आणि सगळ्याचे फोटो माझ्या मोबाइलवर.

रूम बदलली की १० दिवसांच्या आत पत्ता कळवायचा, हे पोरं हमखास विसरतात. विद्यार्थ्यांनी तो कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला सांगायचा. शंका असली तरी आधी तिथंच विचारायला लावा, उन्हाळ्यात आपले रात्रीचे अकरा म्हणजे टेक्सासात दुपारचे साडेबारा, ऑफिस चालू असतं.