सॉफ्टवेअरच्या हाती स्टॉक देण्याआधी

स्पेअर पार्टच्या स्टॉकसाठी सॉफ्टवेअर घेतलं की पहिला मोह होतो तो जुनी यादी जशीच्या तशी आत ढकलण्याचा. तसं करू नका. आधी ती यादी एकदा वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घाला. ‘बेअरिंग 6204’, ‘6204 बेरिंग’ आणि ‘मोटरचं बेअरिंग’ ही तिन्ही एकच वस्तू निघेल. मग एका नावावर स्टॉक शून्य दिसतो म्हणून ऑर्डर जाते आणि दुसऱ्या नावावर आठ नग पडून असतात. याच्या उलटही होतं. 6204-टूआरएस आणि 6204-झेडझेड एकाच नावाखाली कोंबलेले असतात. माप दोन्हींचं तेच, आतला व्यास 20, बाहेरचा 47, जाडी 14 मिमी. पण एकाला दोन्ही बाजूंनी रबरी सील, दुसऱ्याला पत्र्याचं शील्ड. पाणी उडणाऱ्या जागी पत्र्याचं बसवलं तर ते फार दिवस टिकत नाही. तेव्हा एका पार्टला एकच कोड, आणि वेगळ्या पार्टला वेगळा. कोडच्या सुरुवातीला शून्यं असतील तर स्प्रेडशीटमधला तो कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर 00452 चं 452 होतं आणि इम्पोर्ट झाल्यावरच लक्षात येतं.

युनिटही याच वेळी ठरवा. खरेदी बॉक्सने आणि वापर नगाने होत असेल तर एका बॉक्समध्ये किती नग हे मास्टरमध्ये, म्हणजे पार्टच्या मूळ नोंदीत, भरलेलं हवं.

मग मोजणी. इश्यू, म्हणजे स्टोअरमधून माल देणं, पूर्ण बंद ठेवून एका दिवसात उरका. रॅकवरचा माल सगळेच मोजतात; मेकॅनिकच्या ड्रॉवरमधले ऑइल सील आणि टूलबॉक्सच्या तळाशी पडलेले फ्यूज कोणी मोजत नाही. (ते मागितले की लोक रुसतात, तरी मागा.) मोजता मोजता रॅकवरच्या प्रत्येक बिनला (खणाला) नंबर द्या.

सगळ्यात जास्त वेळ लीड टाइमवर, म्हणजे माल हाती यायला लागणाऱ्या दिवसांवर, घालवा, कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. सप्लायर तोंडी सांगतो तो आकडा भरू नका. मागच्या पाच-सहा ऑर्डरी काढा आणि गरज लक्षात आली त्या दिवसापासून माल तपासून रॅकवर लागला त्या दिवसापर्यंतचे दिवस मोजा. मंजुरीची सही रखडली असेल तर तेही दिवस त्यातच. समजा रोज 4 नग लागतात आणि माल यायला 10 दिवस, म्हणजे 40. उशीर झाला किंवा वापर वाढला तर हाताशी असावेत म्हणून आणखी 15. स्टॉक 55 वर आला की ऑर्डर निघायला हवी. मात्र तो 55 नुसता रॅकवरचा आकडा नव्हे. आधीच मागवलेला माल त्यात मिळवायचा आणि एखाद्या कामासाठी राखून ठेवलेला वजा करायचा. सॉफ्टवेअर हे कसं धरतं ते पाच-सहा पार्टवर हाताने ताडून पाहा. ऑर्डर वाटेत असतानाही ते रोज नव्याने ‘मागवा’ म्हणत असेल तर सेटिंग चुकलंय.

वर्षातून एखादा नग लागणाऱ्या पार्टला हे सरासरीचं गणित लावू नका. तिथे प्रश्न एकच: हा नसला तर मशीन उभं राहतं का? राहत असेल आणि माल यायला महिने लागत असतील, तर एक नग ठेवायचाच, मग रिपोर्ट त्याला डेड स्टॉक, म्हणजे नुसता पडून असलेला माल, म्हणो. रबरी पार्टचा साठा मात्र जपून करा. ते नुसते पडून राहिले तरी कडक होतात.

रात्रपाळीत स्टोअरची चावी कोणाकडे आणि एंट्री कोण करणार, हे नावानिशी ठरवा. रॅकवर सॉफ्टवेअरपेक्षा दोन नग कमी निघाले की समजावं, माल गेला आणि एंट्री राहिली.

ऑटो-ऑर्डर पहिले तीन महिने बंद ठेवा, फक्त सूचना घ्या. सुचवलेल्या आकड्यासमोर तुम्ही प्रत्यक्षात किती मागवलं आणि का, एवढं लिहीत जा. ज्या पार्टचा आकडा सलग तीनदा बदलावा लागला, त्याचा लीड टाइम पुन्हा मोजा; बाकीच्यांना ऑटो लावायला हरकत नाही.