थिसिसमधली 'जो-तो'ची लांबलचक वाक्यं : या चुका टाळा

थिसिस किंवा पेपर मराठीत लिहिताना वाक्य गुंततं ते बहुतेक वेळा 'जो, जी, जे'पाशी. वाचणाऱ्याला एकेक शब्द कळतो पण नेमकं कोणाबद्दल चाललंय तेच कळत नाही, आणि मग चांगला मुद्दा वाया जातो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'जो' येतो आणि त्याचा 'तो' येतच नाही. "ज्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावली अर्धवट भरली आणि नंतर फोन करूनही प्रतिसाद दिला नाही, विश्लेषणातून वगळण्यात आले." कोणाला वगळलं? 'त्यांना' पाहिजे तिथे. मधला मजकूर वाढला की लिहिणाराच सुरुवात विसरतो, म्हणून असं होतं. आणि दोघांची विभक्ती सारखी असायची गरज नाही हं. "ज्या शाळांमध्ये ग्रंथालय नाही त्यांना अनुदान मिळाले" हे अगदी बरोबर आहे, प्रत्येकाची विभक्ती आपापल्या वाक्यातल्या कामावरून ठरते.

दुसरी चूक म्हणजे नाम आधी टाकून मागून 'जो की' चिकटवणं. "अहवालातल्या तक्त्यावरून काढलेला निष्कर्ष, जो की चुकीचा आहे" यात चुकीचं काय आहे, अहवाल, तक्ता की निष्कर्ष? तिन्ही पुल्लिंगी एकवचनी, त्यामुळे लिंग-वचन बघूनही सुटत नाही. तक्ता चुकला असेल तर सरळ "अहवालातला जो तक्ता चुकीचा आहे त्यावरून काढलेला निष्कर्ष" असं लिहा, 'जो'ला त्याच्या नामाला खेटून बसवा. आणि ती माहिती नुसती जाता जाता द्यायची असेल तर 'जो' कशाला, पूर्णविराम देऊन "हा तक्ता चुकीचा आहे" असं वेगळं वाक्य करा ना.

मग बरेच जण 'जो' टाळायला सगळीकडे 'केलेला, झालेला' लावतात. वाक्य छोटं होतं खरं, पण त्यात 'मधून', 'मध्ये', 'वर' हे सगळं गळून जातं. "स्थलांतर झालेली गावे" म्हणजे लोक जिथून गेले ती गावं, जिथे आले ती, की अख्खं गावच हलवलं ती? "ज्या गावांमधून स्थलांतर झाले ती गावे" हे लांब आहे पण इथे लांबच हवं, कारण संशोधनाचा अख्खा अर्थ त्या 'मधून'वर उभा आहे.

आणि याच 'लेल्या'ची माळ झाली की अजून पंचाईत. "मागील दशकात महिलांनी सुरू केलेल्या बचत गटांनी घेतलेल्या कर्जातून उभ्या राहिलेल्या व्यवसायांचा अभ्यास". व्याकरणात काही चूक नाही, पण मागील दशकात काय झालं, गट सुरू झाले, कर्ज घेतलं की व्यवसाय उभे राहिले? यापेक्षा "महिलांच्या बचत गटांनी मागील दशकात जे कर्ज घेतले त्यातून उभ्या राहिलेल्या व्यवसायांचा हा अभ्यास आहे" असं केलं की काळ बरोबर जागी बसतो.

ड्राफ्ट तपासताना प्रत्येक 'ज्या'खाली रेघ मारा आणि त्याचा 'त्या' कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. जोडी सापडली नाही, किंवा एका 'ज्या'च्या पोटात दुसरा 'ज्या' निघाला, तर स्वल्पविराम इकडेतिकडे करत बसू नका, वाक्य तोडा आणि दुसऱ्या वाक्यात ते नाम पुन्हा लिहा. पुनरुक्ती वाटेल म्हणून घाबरू नका, संशोधनाच्या लिखाणात तेच नाम परत आलेलं चालतं.