जॉकी पंप दर दहा मिनिटांनी सुरू होत होता: माझा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या सात मजली इमारतीच्या वेट रायझरमधील (आग विझवण्यासाठी कायम पाण्याने भरलेल्या उभ्या पाइपमधील) दाब, कुठेही गळती दिसत नसताना, सतत उतरत असे आणि तो दाब टिकवून ठेवणारा छोटा जॉकी पंप दर दहा मिनिटांनी, अगदी मध्यरात्रीही, सुरू होई. दाबानुसार पंप चालू-बंद करणारा प्रेशर स्विच बदलला, हायड्रंटच्या (होज जोडायच्या तोट्यांच्या) ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीची गळतीरोधक जोडणी, आवळल्या. उपयोग झाला नाही. त्या आवाजाने पावसाळाभर झोप उडाली.

अखेर प्रथम रखवालदाराला कल्पना देऊन सर्व पंप ऑटोवरून काढले आणि रायझरकडील गेजवरचा दाब टिपून ठेवला. मग जॉकी पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून रायझरकडे जाणाऱ्या पाइपवरचा) बंद केला, तरी दाब उतरलाच. आगीच्या वेळी पाणी पुरवणाऱ्या मुख्य पंपाचा तसाच व्हॉल्व्ह बंद करताच मात्र काटा अर्धा तास जागचा हलला नाही. म्हणजे पाणी त्या पंपातून उलटे भूमिगत टाकीत जात होते. त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारा) खोलला, तेव्हा झडपेखाली गंजाची खपली अडकलेली आणि झडप टेकते त्या बैठकीला खड्डे पडलेले आढळले. (खाऱ्या हवेवर खापर फोडण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु हा गंज पाइपच्या आतला होता.) बैठक घासत न बसता नवा व्हॉल्व्ह बसवला.

त्यानंतर प्रेशर स्विच कोणत्या दाबाला चालावेत, ते पुन्हा ठरवले. सर्वांत वरचे हायड्रंट पंपापासून 22 मीटर उंचीवर असल्याने तेवढे पाणी चढवायला 2.2 आणि तेथे आवश्यक असलेला 3.5, असा पंपाजवळ किमान 5.7 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब लागतो. म्हणून जॉकी पंप 6 ला सुरू व 7 ला बंद, तर मुख्य पंप 6 च्या खाली, पण 5.7 च्या वरच सुरू होईल असे ठेवले. शेवटी दोन्ही डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून सर्व पंप ऑटोवर आणले.